तापीचं पाणी हातात घेऊन

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाचरं बुऱ्हाणपूरला जमली की दुपारी मला मधोमध बसवतात आणि म्हणतात, आत्या, सुरू कर. मी माझ्याच फजित्या सांगते. दुसऱ्याच्या सांगितल्या तर तो दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. राजघाटावर नावेत चढताना चपलेसकट पाण्यात गेले ती सांगते, बदलीच्या अर्जावर चुकून स्वयंपाकाची यादी लिहून पाठवली ती सांगते, आणि शाळेत प्रतिज्ञा शिकवली ती सांगते. ही शेवटची पोरांना फार आवडते. पण ती मी नेहमी मध्यावरच संपवते. मागच्या दिवाळीत धाकट्या भाचीनं विचारलं, "आत्या, मग पुढे?" मी म्हटलं, पुढे काय, पोरं शिकली.

कागदावर तसं थांबता येत नाही. म्हणून सगळी लिहिते.

चीनची लढाई होऊन गेली होती तेव्हाचे दिवस. आमचं सरकार नागपूरहून उठून भोपाळला गेलं त्याला काही वर्षं झाली होती, तरी आमचे वडील रागावले की अजून "नागपूरला कळवीन" म्हणूनच धमकी देत. भिंतीभिंतीवर एकतेच्या घोषणा रंगवल्या जात होत्या. मी वीस वर्षांची, नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकी शिकून नुकती मास्तरीण झालेली. नेमणूक मिळाली ती तापीपलीकडे, जैनाबादच्याही पुढे काठाकाठानं कोसभर चालल्यावर लागणाऱ्या एका गावात. नाव घेत नाही. शाळा दोन खोल्यांची, मराठी. हेडमास्तर एक, मी एक.

एके दिवशी हिंदीतलं परिपत्रक आलं. देशाशी निष्ठेची प्रतिज्ञा आता रोज शाळा भरताना मुलांकडून म्हणवून घ्यायची, नुसती पाठ करून नव्हे, तिचा अर्थ मुलांच्या मनात उतरवून. हेडमास्तरांनी ते चष्म्याखालून वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"बाई, हे तुमच्याकडे. तुमचा घसा अजून शाबूत आहे."

मी नावेत बसून त्या मजकुराचं मराठी केलं. देश माझा आहे, त्यातली सगळी माणसं माझे भाऊबहीण आहेत, अशी सुरुवात. माझं मराठी मलाच इतकं आवडलं की नावाड्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चांगलं हाये. पण दोन पैसे अजून बाकी हायेत तुमचे."

दुसऱ्या दिवशी चौथीसमोर उभी राहिले.

"प्रतिज्ञा म्हणजे काय, सांगा."

"भीष्मानं केली ते," एकजण म्हणाला.

"बरोबर. मग काय झालं त्याचं?"

"लगीन नाई झालं."

वर्ग हसला. मागून दुसऱ्यानं काळजीनं विचारलं, "आमचंबी नाई होनार का, बाई?"

मी फळ्यावर डस्टर आपटलं. प्रतिज्ञा म्हणजे वचन, म्हटलं. वचन म्हणजे शब्द. शब्द म्हणजे... इथे माझी गाडी अडली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ती सोडवली. "बाई, म्हंजे कसम?"

"हो. पण फार मोठी."

"आईच्या कसमेहून मोठी?"

"त्याहून मोठी."

"तापीच्या कसमेएवढी?"

नॉर्मल स्कूलमध्ये आम्हाला घोकून घेतलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. मुलाला जे ठाऊक आहे तिथून बोट धरून जे ठाऊक नाही तिथवर न्या. आता तापीची कसम आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. बांधाचं भांडण असो, चोरीचा आळ असो, माणसाला नदीवर नेतात, तळहातावर पाणी घ्यायला लावतात आणि बोल म्हणतात. पाणी हातात घेऊन कोणी खोटं बोलत नाही, कारण तो शब्द मोडला तर तापी त्याच्या घरातलं एक माणूस घेऊन जाते, असं सगळे मानतात. मीही त्याच पाण्यावर वाढलेली. मला वाटलं, ज्ञात ते ज्ञात, याहून पक्कं काय मिळणार?

दोन मुलांना कळशी देऊन नदीवर पाठवलं. प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर थोडं थोडं पाणी घातलं, तोंडं नदीच्या दिशेला वळवली आणि म्हटलं, माझ्यामागून म्हणा.

एक मुलगा हात मागे घेऊन उभा.

"काय रे?"

"बाई, सगळे भाऊबहीन म्हंजे मोठ्या काकाची पोरंबी?"

"तीही."

"त्यायच्यावर तर केस चालू हाये."

"तरीही."

त्यानं थोडा विचार केला. "मंग मले पानी अर्धंच द्या."

घरी गोष्ट सांगताना मी इथे थांबते. हशा होतो, चहा येतो.

त्या दिवशी मात्र पाणी हातात पडल्यावर वर्गात कोणी हसलं नाही. चाळीस पोरं तळहाताकडे बघत, एकेक शब्द जपून म्हणत होती. तेवढी शांतता त्या शाळेनं कधी पाहिली नसेल. मी स्वतःवर बेहद्द खूश. हेडमास्तर दारातून बघत होते. मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, तुम्ही तर पोरांना कोर्टातच उभं केलं."

"अर्थ मनात उतरवायचा, असं लिहिलंय ना सर."

"लिहिलंय खरं. पण लिहिणाऱ्यानं तापी पाहिली नसेल. पोरांच्या हातात ती द्यायला नको होती." ते विड्याचं पान जुळवायला लागले. मला वाटलं, म्हातारे झाले, नवं काही सोसत नाही त्यांना.

पहिल्या बाकावरची ती मुलगी, कसम शब्द जिनं सुचवला ती, माझी लाडकी होती. नऊ वर्षांची. आवाज असा खणखणीत की ती कविता म्हणायला लागली की रस्त्यावरची बैलगाडी थांबे. तिच्या कमरेवर तिचा दीड वर्षाचा भाऊ असायचाच. आईबाप केळीच्या शेतात, म्हणून तो हिच्याबरोबर शाळेत. हजेरीपटात त्याचं नाव नव्हतं, पण त्याच्याइतकी हजेरी कोणाचीच नव्हती. पाटीवरची पेन्सिल खायचा आणि तोंड पांढरं करून माझ्याकडे बघून हसायचा. शपथेच्या वेळीही तो तिच्या एका कडेवर होता, दुसऱ्या हातावर पाणी.

त्याच वर्गात एका शेतमजुराची मुलगी होती. ती दारात बसायची. तिला तिथे कोणी बसवलं नव्हतं आणि तिथून कोणी उठवलंही नव्हतं. मी यायच्या आधीपासूनची पद्धत. तहान लागली की ती माठाजवळ ओंजळ धरून उभी राही आणि कोणीतरी वरून पाणी ओती. मी ते रोज बघत होते. आमच्याही घरी मजुरांना पाणी तसंच दिलं जाई, त्यामुळे डोळ्याला खुपायचं कारण नव्हतं.

प्रतिज्ञा सगळ्यांत मनावर घेतली ती या दारातल्या मुलीनं. कशी नाही घेणार? त्या मजकुरात तिच्या फायद्याचं बरंच होतं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती त्या लहान्याजवळ गेली आणि दोन्ही हात पुढे केले. "दे ना त्याले माझ्यापाशी. थोडा वेळ."

लहान्यानंही तिच्याकडे झेप घेतली. त्याला काय, कोणीही चालायचं. पण बहिणीनं त्याला झटकन मागे ओढलं.

"हात नको लावू!"

"आता तर आपन बहिनी झालो ना? पानी घेऊन म्हनलं तू."

"ते म्हनायचं असतं," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

मी तीन हातांवर उभी होते. सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. आणि ही थोर शिक्षिका काय म्हणाली? म्हणाली, "चला, चला, घंटा झाली. आत चला."

पुढच्या आठवड्यात डेप्युटीसाहेब तपासणीला येणार असं कळलं. शाळा सारवली, नकाशे टांगले. प्रतिज्ञा पुढे उभं राहून कोणी म्हणवून घ्यायची हा प्रश्नच नव्हता. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. कमरेवर कोणी नव्हतं. सवयीनं तिचं शरीर तरी एका बाजूला कललेलं होतं.

"बाई, एक काम हाये."

"बोल."

"शपथ सुटली म्हना."

आमच्याकडे लहान मुलांत हा नियम आहे. एकानं दुसऱ्याला शपथ घातली की घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणायचं. तो म्हणेपर्यंत बिचारं पोर अडकलेलं. मग त्याच्या मागे मागे फिरतं, सुटली म्हण ना, सुटली म्हण ना. मीही लहानपणी एका मैत्रिणीला सबंध चातुर्मास झुलवलं होतं.

"कोणती शपथ गं?"

"ती. तापीची." तिचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी मोडली. तिले हात लावू नाई दिला. आता लहान्याले ताप हाये. उलट्याबी होतात. आई म्हनते..."

"अगं, ताप काय, पोरांना येतोच."

"तुमी सुटली म्हना ना, मंग तो राहील."

खरं तर किती सोपं होतं. तीन अक्षरं. पण समोर उद्याची तपासणी, भिंतीवर नव्यानं रंगवलेली घोषणा, आणि मनात असं की देशाची प्रतिज्ञा सोडवणारी मी कोण? सरकारी नोकर मी. हे कोणी साहेबांच्या कानावर घातलं तर? शिवाय, खरं सांगते, जरा ऐटही होती. एक भारदस्त वाक्य जिभेवर आलं होतं आणि ते मला गिळवेना.

"ही देशाची शपथ आहे, बाळ. ही सुटत नसते."

"पन घातली तर तुमीच ना? जो घालतो तोच सोडतो."

उत्तर नसलं की मास्तर करतात तेच केलं, आवाज चढवला. "पुरे आता. उद्या साहेब येणार आहेत. तुला पुढे उभं राहून म्हणायचं आहे. वेणी घालून ये."

"म्हनल्यावर सोडाल?"

"बघू."

ती गेली. "आई म्हनते" च्या पुढे काय होतं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. वेणी चापून घातलेली. डेप्युटीसाहेब खुर्चीत, हेडमास्तर शेजारी उभे. मी खूण केली. पण ती पुढे यायच्या ऐवजी आधी दाराकडे गेली, त्या मजुराच्या मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओढत वर्गाच्या पुढे घेऊन आली. दारातली मुलगी घाबरून गेली होती, पाय मागे घेत होती. हिनं मनगट सोडलं नाही. तसंच धरून, दुसरा हात पुढे करून, तिनं सुरुवात केली. आवाज परत आलेला. चाळीस पोरं मागून.

साहेब खूश झाले. "यह हुई न बात!" म्हणाले. शेरेबुकात त्यांनी चांगल्या चार ओळी लिहिल्या, की या शाळेत एकता पुस्तकात नाही, वर्गात दिसते, आणि याचं श्रेय बाईंना.

शेवटचा शब्द म्हणून झाल्यावर ती मुलगी साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, शाबासकी हवी असेल. मी मान हलवली. तिनं त्याचा काय अर्थ घेतला, मला आजवर माहीत नाही.

साहेबांचा चहा चालला होता तेव्हा तिचा काका दारात आला. टोपी हातात. आत आला नाही.

"बाई, पोरीले सोडा जरा. लहाना गेला."

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. हेडमास्तर म्हणाले होते, एकट्या जा, मी आलो तर तपासणीसारखं वाटेल. ओसरीत आई बसली होती. मला बघून तिनं पदर नीट केला, पोरीला पाट आणायला सांगितलं.

"तुमी आल्या, बाई, बरं झालं. त्या दिवशी पोरीले पाठवलं होतं तुमच्याकडं. तुमचा भाऊ दवाखान्यात हाये ना? म्हटलं, त्यायच्या ओळखीनं लहान्याले नावेतनं पल्याड नेऊ. आमाले तिथं कोन ओळखतं? पन पोरगी म्हने, बाई साहेबाच्या कामात हायेत."

माझा भाऊ तेव्हा बुऱ्हाणपूरला कंपाउंडर होता, आणि ही गोष्ट मी गावात घरोघरी सांगून ठेवलेली होती. आईच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. तिनं मला चहा दिला, आणि तो मी प्यायले.

मुलगी मागच्या अंगणात केळीच्या पानांचा कचरा गोळा करत होती. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले आणि घाईघाईनं म्हटलं, "सुटली. ऐकलंस? मी सोडली. सुटली ती शपथ."

तिनं हातातलं सगळं टाकलं. "नका म्हनू, बाई!"

"अगं, पण तूच तर..."

"नका म्हनू. आता सोडली तरी मोडल्यावानीच. घरात आता आई हाये."

मी तिला समजावायला लागले. ताप आजारानं येतो, शपथेनं नाही. तापी कोणाला नेत नाही. ते पाणी मी उगाच, तुम्हाला नीट कळावं म्हणून...

"म्हंजे ते खोटं होतं?"

"खोटं नाही. प्रतिज्ञा खरीच आहे. पण तशी खरी नाही. म्हणजे ती पाळायची, पण नाही पाळली तरी... म्हणजे पाळायचीच..."

नॉर्मल स्कूलमध्ये हा पाठ नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मोठं माणूस खोटं बोलताना मूल जसं बघतं तसं. मग खाली वाकून तिनं पानं परत गोळा करायला घेतली.

"मी नाई मोडनार आता," ती म्हणाली.

आणि तिनं ती मोडली नाही. दहा दिवसांनी शाळेत आली आणि पहिल्या बाकावर न जाता दारात, त्या मुलीच्या शेजारी बसली. मधल्या सुट्टीत माठाजवळ गेली, त्या मुलीच्या हातात गडवा दिला, आणि तिच्या हातून पाणी प्यायली. वर्ग बघत होता. ती पाणी पीत होती औषध प्यावं तशी, डोळे मिटून. दारातल्या मुलीच्या तोंडावर आनंद नव्हता, भीती होती. आपल्या हातून कोणाला काय पाजलं जातंय, हे तिला कळत नव्हतं.

बातमी घरी पोचायला संध्याकाळ लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या पाठीवर वळ होते. तिसऱ्या दिवशी तिनं परत तेच केलं. पुन्हा वळ. बापाला मी रस्त्यात गाठलं, म्हटलं, मारू नका, ती भीतीनं करते. तो म्हणाला, "भीतीनं? मारतो तरी ऐकत नाई. भीती असती तर ऐकलं असतं ना, बाई?" आठवडा संपायच्या आत त्यानं तिचं नाव काढून घेतलं. दारातल्या मुलीच्या बापाला तो राबत होता त्या शेतावर यायची मनाई झाली. ते बिऱ्हाड फोपनारच्या बाजूला कुठेतरी गेलं. दार मोकळं झालं, माठाजवळ कोणी ओंजळ धरून उभं राहीना. आता रोजची प्रतिज्ञा म्हणायला वर्गात सगळे एकसारखेच भाऊबहीण उरले होते.

हेडमास्तरांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. फक्त एकदा हजेरीपटावर रेघ मारताना म्हणाले, "आवाज चांगला होता हो पोरीचा."

शेरेबुकातल्या चार ओळींमुळे मला सहा महिन्यांत शहरातल्या शाळेत बदली मिळाली. घरी पेढे वाटले. वडील म्हणाले, भोपाळवाल्यांना माणसाची पारख आहे, हे मानायला हवं.

शेवटच्या दिवशी मी गावातून नदीकडे निघाले. हातात ट्रंक, गळ्यात पोरांनी घातलेला झेंडूचा हार. वाटेवर केळीच्या शेताच्या बांधावर ती दिसली. डोक्यावर चाऱ्याचा भारा, उंची वाढलेली. मला बघताच तिनं भारा खाली ठेवला. वाटलं, जवळ येईल, निदान हसेल. काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले.

ती बांधावर ताठ उभी राहिली. पाय जुळवले. उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे केला, आणि नदीकडे तोंड करून प्रतिज्ञा म्हणायला लागली. पहिल्या शब्दापासून, न चुकता, त्याच आवाजात. पलीकडे तिची आई केळीचे घड उतरवत होती. मधूनमधून मुलीची नजर तिकडे जाई आणि परत नदीकडे वळे.

पुरे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मध्येच तोडलं तर तिला ते शपथ मोडल्यासारखं वाटेल, आणि मग ती रात्रंदिवस आईच्या तोंडाकडे बघत बसेल, हे मला दिसत होतं. मी ट्रंक खाली ठेवली. गळ्यातला हार काढावा की राहू द्यावा ते कळेना, तो तसाच राहिला. मीही पाय जुळवून उभी राहिले आणि तिच्याबरोबर शेवटपर्यंत म्हटलं.